वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म : १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोगसंशोधक होते. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक, भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू ही पदे त्यांनी भूषविली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. तोंड व घसा यांचे कर्करोग एका समाजात विपुल आणि शेजारच्याच समाजात विरळ का आढळतात, हा प्रश्न त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालील काचेवरून उचलून माणसाच्या राहणीपर्यंत नेला. त्यांच्या कार्याचे खरे वेगळेपण या एका गोष्टीत आहे. कुष्ठरोग व रक्तगट या विषयांवरही त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. (कवी व कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर आणि प्रस्तुत लेखातील खानोलकर या भिन्न व्यक्ती होत.)

शिक्षण व अध्यापन

खानोलकरांचे उच्च वैद्यकीय शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. त्या काळी विलायतेहून पदवी घेऊन येणारा डॉक्टर बहुधा शस्त्रक्रियेकडे किंवा खासगी व्यवसायाकडे वळे. विकृतिशास्त्राला ना पैसा होता, ना लौकिक. मृतदेहांचे विच्छेदन करणे आणि रोगग्रस्त ऊतकांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे काम रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, रुग्णांच्या नजरेआड चाले. खानोलकरांनी तेच आयुष्यभराचे काम म्हणून स्वीकारले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. यांपैकी दुसरे महाविद्यालय परळ येथे राजे एडवर्ड स्मारक (के.ई.एम.) रुग्णालयाला जोडून १९२६ मध्ये सुरू झाले होते. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. सरकारी वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा युरोपियनांच्या हाती असण्याच्या त्या काळात या अटीमुळे भारतीय अध्यापकांना स्वतंत्रपणे शिकवण्याची व संशोधन करण्याची जागा मिळाली. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांनी पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांत विकृतिशास्त्राचे विभाग उभे केले.

परळच्या भौगोलिक स्थानाचाही विचार येथे करावा लागेल. हा भाग गिरणगावाच्या ऐन मध्यावर होता. कोकण, घाट, उत्तर हिंदुस्थान, गुजरात व तेलंगण येथून पोटासाठी आलेला कामगार दोन-तीन गल्ल्यांच्या अंतरात एकवटला होता आणि प्रत्येकाने गावाकडची भाषा, अन्न व व्यसन बरोबर आणले होते. कुणी चुना लावून तंबाखू चोळत असे, कुणी विडी ओढत असे, तर कुणी पानाच्या विड्यात तंबाखू घालून तो गालात ठेवत असे. कापसाची धूळ उडणाऱ्या खात्यात विडी पेटवणे धोक्याचे असल्यामुळे गिरणीत तंबाखू चघळण्याचीच सोय होती. रोगाची तुलना करू पाहणाऱ्या संशोधकाला इतक्या भिन्न चालीरीतींचे लोक एका रुग्णालयाच्या दारात क्वचितच भेटतात.

टाटा स्मारक रुग्णालय

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा हेही निवर्तले. सर दोराबजी टाटा न्यासाने परळ येथे उभारलेले कर्करोगाचे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली.

कर्करोगाच्या रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञाचे स्थान निर्णायक असते. गालात किंवा जिभेवर वाढलेली गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे तिचा तुकडा काढून (बायोप्सी करून) तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या गाठींचे तुकडे खानोलकरांच्या प्रयोगशाळेत येत. निदान लिहून द्यावे आणि कागद पुढे पाठवावा, एवढ्यावर हे काम थांबवता आले असते. खानोलकरांनी मात्र निदानाला रुग्णाची हकिकत जोडली. रुग्ण कोणत्या प्रांतातला आहे, कोणत्या समाजाचा आहे, तंबाखू खातो की ओढतो, आणि गाठ तोंडात नेमकी कोठे उगवली आहे, या गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय रोगाचे कारण कळणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

भारतात कर्करोग विरळ असल्याचा समज

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्य देशांचा रोग आहे आणि भारतासारख्या देशांत तो विरळ आढळतो, असे मानले जाई. साध्या अन्नामुळे अथवा वंशाच्या गुणामुळे येथील माणसाला या रोगापासून संरक्षण लाभते, असेही सांगितले जाई. या समजाला तडा देणारी पाहणी १९३०च्या दशकात नाथ आणि ग्रेवाल यांनी देशातील रुग्णालयांच्या नोंदींवरून केली होती. खानोलकरांनी तोच धागा पुढे नेला.

त्यांच्या युक्तिवादाचा पाया साधा होता. कर्करोग हा प्रामुख्याने चाळिशी-पन्नाशीनंतरचा रोग आहे. ज्या देशात जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांच्या आसपास होते, तेथे पटकी, हिवताप, क्षय आणि बाळंतरोग यांनी माणूस आधीच नेलेला असे. कर्करोग होण्याच्या वयापर्यंत पोहोचणारेच थोडे, म्हणून कर्करोगी थोडे दिसत. त्या वयापर्यंत जगणाऱ्यांचा वेगळा विचार केला, तर भारतीय माणूस कर्करोगापासून मुळीच सुरक्षित नाही. ज्याला वंशाचे संरक्षण म्हटले जात होते, ते दारिद्र्यामुळे येणारे अकाली मरण होते.

पुढे त्यांनी असेही दाखवले की, भारतातील कर्करोगाचे एकूण प्रमाण किती हा प्रश्नच अपुरा आहे. पश्चिमेत जठराचे व आतड्याचे कर्करोग आढळत, तर येथे तोंड, घसा आणि स्त्रियांमधील गर्भाशयमुखाचे कर्करोग अधिक होते. रोग तोच असला, तरी त्याने धरलेली जागा वेगळी होती, आणि त्या जागेचे कारण शोधणे हे खरे काम होते.

तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास

तोंडाच्या कर्करोगाचा विडा-तंबाखूशी संबंध असावा, ही शंका नवी नव्हती. त्रावणकोरमधील मिशन रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच गालाच्या कर्करोगाच्या असंख्य रुग्णांकडे लक्ष वेधले होते. तथापि, त्या बहुतांशी एका प्रदेशातील डॉक्टरांच्या निरीक्षणवजा नोंदी होत्या. खानोलकरांना मुंबईत अनेक समाजांची तुलना करता आली.

रुग्णालय सुरू होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १९४४ साली, मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी कॅन्सर रिसर्च या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला. सलग या शब्दाला येथे महत्त्व आहे. लक्षवेधी रुग्ण निवडून काढले, तर संशोधकाला हवे तेच चित्र दिसते. जो रुग्ण आला तो मोजला, तर निवडीचा हा दोष टळतो.

पुढल्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या नव्या प्रकारांचे वर्णन केले. बिहार व लगतच्या प्रदेशात तंबाखू आणि चुना तळहातावर चोळून केलेली खैनी खालच्या ओठामागच्या खाचेत ठेवण्याची रीत आहे. या लोकांना कर्करोग नेमका त्याच खाचेत होतो. धोतर कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसल्याने तेथील त्वचा काळी व जाड होऊन क्वचित तिचा कर्करोग होतो, हेही त्यांनी नोंदवले. वरवर पाहता कमरेचा आणि ओठाचा काही संबंध नाही. तरी दोन्ही उदाहरणांत तर्क एकच आहे. शरीराचा जो भाग रोज, तासन् तास आणि वर्षानुवर्षे डिवचला जातो, तेथेच रोग उगवतो. काश्मीरमध्ये फिरनाखाली कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर होणारा कर्करोग पूर्वीपासून ज्ञात होता आणि तो याच मालिकेतला होता.

आंध्रच्या किनाऱ्यावरील चुट्ट्याचे उदाहरण यातही विलक्षण आहे. तेथील अनेक लोक, विशेषतः कष्टकरी स्त्रिया, चुट्ट्याचे जळते टोक तोंडाच्या आत ठेवून धूर घेतात. जगात अन्यत्र टाळूचा कर्करोग फारसा आढळत नाही. या स्त्रियांमध्ये मात्र तो ठळकपणे दिसतो. एकाच देशातील तंबाखू ओठाच्या खाचेत, गालात, टाळूवर किंवा जिभेच्या मुळाशी निरनिराळा रोग निर्माण करते आणि कोणता रोग होईल हे तंबाखू घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते, असा या सर्व निरीक्षणांचा अर्थ होता.

याच्या उलट बाजूचा पुरावा पारशी समाजाने पुरवला. अग्नीला पवित्र मानणाऱ्या या समाजात धूम्रपान निषिद्ध होते आणि तंबाखू खाण्याची चालही फारशी नव्हती. त्याच शहरात राहून आणि त्याच हवेत श्वास घेऊनही पारशांमध्ये तोंडाचे कर्करोग विरळ होते. त्यांच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र इतरांपेक्षा अधिक आढळे. मुसलमान समाजात सुंतेच्या प्रथेमुळे शिश्नाचा कर्करोग अत्यल्प होता. प्रत्येक समाजाचा कर्करोग वेगळा असल्याचे हे चित्र त्या काळच्या वैद्यकाला नवे होते.

आनुवंशिकता की राहणी

येथे एक आक्षेप सहज घेता येतो. भारतातील जाती आणि समाज पिढ्यान्पिढ्या आपसांतच विवाह करीत आले आहेत. मग रोगातील फरक सवयींमुळे नसून रक्तामुळे, म्हणजे आनुवंशिकतेमुळे असेल तर? खानोलकरांनी हा आक्षेप झटकून टाकला नाही. लालजी संघवी या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांतील सात आनुवंशिक गुणांची, रक्तगटांसह, तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष ॲनल्स ऑफ युजेनिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जातिनिहाय मोजमापांवर आधारलेला हा अभ्यास आजच्या वाचकाला अवघडल्यासारखा वाटू शकतो, नियतकालिकाचे नावही तसेच आहे. परंतु खानोलकरांच्या बाबतीत त्याचा हेतू जातींची श्रेष्ठ-कनिष्ठता ठरवण्याचा नव्हता. गटागटांत आनुवंशिक फरक आहेत हे मान्य करूनच, तोंडाच्या कर्करोगाचे कारण त्यांत आहे की अन्यत्र, हे त्यांना पाहायचे होते.

या प्रश्नाचे उत्तर १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या निबंधाने बऱ्याच अंशी दिले. संघवी, राव आणि खानोलकर यांनी तोंड, घसा व अन्ननलिकेचा वरचा भाग यांचे कर्करोग झालेल्या रुग्णांच्या तंबाखूविषयक सवयींची तुलना तसा रोग नसलेल्यांच्या सवयींशी केली. इंग्लंडमध्ये डॉल व हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध याच तुलनात्मक पद्धतीने नुकताच दाखवला होता. मुंबईच्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्यांमध्ये प्रामुख्याने तोंडाच्या पुढच्या भागाचे आणि ओढणाऱ्यांमध्ये घशाकडच्या भागाचे कर्करोग अधिक आढळले. तंबाखूच्या चोथ्याचा स्पर्श जेथे होतो आणि धुराचा झोत जेथे लागतो, त्या जागांशी हे अगदी जुळणारे होते.

कारण रक्तात असते, तर उपाय माणसाच्या हाती नव्हता. ते सवयीत असल्याने रोग टाळता येण्याजोगा ठरला. खानोलकरांच्या पुढील लेखनाचा व व्याख्यानांचा रोख याच मुद्द्यावर राहिला.

अभ्यासाच्या मर्यादा

या संशोधनातील उणिवांचाही निर्देश करायला हवा. ही सारी आकडेवारी रुग्णालयात आलेल्यांची होती. लोकसंख्येतील किती जणांना रोग होतो, हे तिच्यावरून सांगता येत नाही. एकूण कर्करोग्यांत अमुक जागेचा रोग किती जणांना, एवढेच कळते. रुग्णालयापर्यंत न पोहोचता खेड्यातच मरण पावलेला शेतमजूर या गणतीत कधी आलाच नाही. आलेल्या रुग्णांपैकीही बहुतेक गाठ पिकल्यावर, तोंड उघडेनासे झाल्यावर येत. हा उशीर अज्ञानामुळे होता, तितकाच प्रवासखर्चामुळे आणि बुडणाऱ्या मजुरीमुळेही होता.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. वर्गवारीचा मुख्य आधार धर्म, प्रांत व समाज हाच होता. एकाच समाजातील वकील आणि गिरणी कामगार त्यामुळे एका रकान्यात बसले. उत्पन्न, शिक्षण आणि काम यांनुसार रोग कसा बदलतो, हा प्रश्न त्या तक्त्यांच्या ओळींमध्ये दडलेला होता, पण वेगळा मांडला गेला नाही. तंबाखूची सवय म्हणजे निव्वळ आवड किंवा रूढी नव्हे. भूक मारण्यासाठी, झोप घालवण्यासाठी आणि दहा-बारा तासांच्या कामाचा शीण विसरण्यासाठी ती लागते, हे परळच्या चाळींत राहणाऱ्या कुणालाही ठाऊक होते.

पुढील काळात हा प्रश्न स्वतंत्रपणे अभ्यासला गेला. डोके व मान यांच्या कर्करोगांविषयी २७ देशांतील ३१ अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, कमी शिक्षण व कमी उत्पन्न असलेल्यांना हा रोग होण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसले. धूम्रपान व मद्यपान यांचा हिशेब वजा केल्यावरही या फरकाचा सुमारे एक तृतीयांश भाग उरतोच, असे त्यातून निष्पन्न झाले. राहणीचा विचार सवयीपाशी थांबवून चालत नाही, असे या उरलेल्या भागावरून दिसते. खानोलकरांचे तक्ते त्या दिशेने पहिले पाऊल होते, अखेरचे नव्हे.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. पेशीजीवशास्त्र, जीवरसायन, आनुवंशिकी व संख्याशास्त्र यांतील तरुणांना त्यांनी एकत्र आणले. कर्करोगाचे संशोधन एकट्या डॉक्टरांचे काम नाही, हा विचार त्या काळात रुळलेला नव्हता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेहून परतल्यावर या केंद्रात देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि पुढे संस्थेची धुराही सांभाळली.

केंद्राचे प्रशासन १९६२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयासह अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ मध्ये दोन्ही संस्था टाटा स्मारक केंद्र या नावाखाली एकत्र आल्या.

कुष्ठरोगविषयक कार्य

कर्करोगाप्रमाणेच कुष्ठरोगातही खानोलकरांना रोगाच्या आरंभाविषयी कुतूहल होते. पूर्ण वाढलेला रोग कुणालाही ओळखता येतो. तो सुरू कोठे होतो हे पाहण्यासाठी त्यांनी प्राथमिक अवस्थेतील चट्ट्यांच्या ऊतकांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंशी असलेला रोगजंतूंचा संबंध स्पष्ट केला. १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून एक आम्लस्थायी जीवाणू प्रयोगशाळेत वाढवला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जीवाणू म्हणून ओळखला जातो. पुढे डॉ. म. गो. देव यांनी त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार केली.

सन्मान व उत्तरायुष्य

खानोलकर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्ष होते. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यानंतर दहा वर्षे ते वैद्यकाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. शंभराहून अधिक शोधनिबंध आणि कर्करोग व कुष्ठरोग यांवरील तीन ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत.

त्यांनी सुरू केलेल्या कामाचा विस्तार त्यांच्या हयातीतच झाला. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी सुरू केली. रुग्णालयाबाहेरील माणूस त्यामुळे प्रथमच गणतीत आला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, दरभंगा व सिंघभूम या जिल्ह्यांतील खेड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. पाठोपाठ पुणे जिल्ह्यातही तशीच मोठी पाहणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगजनक असल्याचे १९८५ मध्ये जाहीर केले. केवळ सुपारीविषयीचा तसा निर्णय २००४ साली आला.

खानोलकरांचे निधन २९ ऑक्टोबर १९७८ रोजी झाले. त्यांनी उभारलेली संशोधन संस्था कालांतराने नवी मुंबईतील खारघर येथे हलवण्यात आली. तेथील एका संशोधन इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे.